सामाईक भिंत

गेले चार वीकेंड ब्लॉगवर काही लिहिलं नाही, कारण चारही वीकेंड कोल्हापुरात गेले. शुक्रवारी रात्री पुण्यातून एसटी पकडायची, पहाटे उतरायचं, आईच्या हातचा चहा घ्यायचा आणि टेप घेऊन घर मोजायला लागायचं. शिवाजी पेठेतलं आमचं घर पाडून नवीन बांधायचं चाललंय. पप्पा म्हणतात, "आता नाही बांधलं तर ते आपणहून बसेल." तेही खरंच आहे. सोप्याच्या दोन तुळयांना वाळवी लागली आहे आणि मागच्या खोलीचं कडीपाट पावसाळ्यात गळतं.

घर म्हणजे काय, तर सोळा फूट रुंद आणि साठ फूट लांब पट्टा. पुढे सोपा, मग माजघर, मग स्वयंपाकघर, मागे परडं. दोन्ही बाजूंना शेजाऱ्यांच्या भिंती. शेजाऱ्यांच्या म्हणजे आमच्याही, कारण डावीकडची भिंत सामाईक आहे. आमच्या तुळया तिच्यात एका बाजूने घुसल्यात, तात्यांच्या दुसऱ्या बाजूने. उजवीकडे मात्र दोन घरांमध्ये अडीच-तीन फुटांचा बोळ आहे, ज्यात दोन्हीकडच्या पागोळ्या पडतात, मांजरं भांडतात आणि क्रिकेटचे बॉल कायमचे गडप होतात. माझे किमान सात तिथे आहेत.

आमचा आर्किटेक्ट म्हणाला, दाट वस्तीत ठराविक उंचीपर्यंत बाजूला जागा सोडायची गरज नाही, हद्दीवर भिंत घेऊया, खोल्या मोठ्या होतील. आई म्हणाली, बोळ तसाच राहू दे, तिकडं खिडक्या काढा, वारा येतो. पप्पा म्हणाले, जागा सोडायची म्हणजे पेठेत सोनं सोडायचं. आणि मी, ज्याचं सिव्हिलचं ज्ञान इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षातल्या एका विषयापुरतं आहे, तो म्हणालो, "आग लागली तर?"

सगळे माझ्याकडे असे बघायला लागले, जणू मी लग्नाच्या बैठकीत घटस्फोटाचा विषय काढला.

हा प्रश्न माझ्या डोक्यात आला त्याला कारण आहे. ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री मी पुण्यात जेवत होतो आणि शाळेच्या ग्रुपवर व्हिडिओ यायला लागले. केशवराव भोसले नाट्यगृह पेटलं होतं. आमच्या घरापासून चालत दहा-पंधरा मिनिटांवर. शाहू महाराजांनी १९१५ साली उभं केलेलं पॅलेस थिएटर ते हेच. दुसऱ्या दिवशी, ९ ऑगस्टला, केशवरावांची जयंती होती. मी फोन केला तेव्हा पप्पा आगाशीत उभे होते. म्हणाले, "इथनं दिसतंय रे. लाल झालंय सगळं." मग बराच वेळ दोघंही काही बोललो नाही. शाळेच्या गॅदरिंगला मी त्या स्टेजवर झाड झालो होतो. (संवाद नव्हते.)

सकाळी फोटो आले. छप्पर आत कोसळलेलं, स्टेज गेलेलं, खुर्च्यांचे सांगाडे. झळ पाठीला लागून असलेल्या खासबाग मैदानाच्या स्टेजलाही लागली. पण दगडी भिंती उभ्या होत्या. लाकूड गेलं, दगड राहिला. तो फोटो मी कितीदा झूम करून बघितला असेन देव जाणे. आपल्या घरात उलटं आहे, हे मला तेव्हा कळलं. आपल्याकडे लाकूडच दगडाला धरून ठेवतंय. ते गेलं तर भिंतही राहणार नाही, आणि ती भिंत तात्यांचीही आहे.

मग वाचायला लागलो. आता आमच्या धंद्यातला माणूस वाचायला लागला की कुठल्या कुठे जातो. सुरुवात बांधकाम नियमावलीने झाली आणि शेवट कौटिल्यात.

अर्थशास्त्र आपण राजकारणासाठी ऐकलेलं असतं, साम दाम दंड भेद वगैरे. त्यात नगर सांभाळणाऱ्या अधिकाऱ्याच्या कामांमध्ये आगीचा मजकूर इतका तपशीलवार आहे की आजच्या सोसायटीच्या सेक्रेटरीला लाज वाटावी. उन्हाळ्यात दिवसाच्या मधल्या दोन प्रहरांत आग पेटवायची नाही, पेटवली तर दंड. स्वयंपाक करायचाच तर घराबाहेर करा. प्रत्येक घरात पाण्याच्या घागरी, शिडी, कुऱ्हाड, सूप, आकडा, कातडी पखाल ठेवायची, नाही ठेवली तर दंड. गवताची आणि चटयांची छपरं काढून टाकायची. आगीवर काम करणाऱ्यांना एका जागी वसवायचं. रस्त्यांवर पाण्याच्या भांड्यांच्या रांगा. शेजारी आग लागली आणि घरमालक धावला नाही तर बारा पण दंड, भाडेकरू असेल तर सहा. हे मला फार आवडलं. भाडेकरूला पन्नास टक्के सूट! निष्काळजीपणाने आग लागली तर चोपन्न पण. आणि मुद्दाम लावणाऱ्याला काय शिक्षा होती ते सांगत नाही, तुम्हीच ओळखा.

पण माझ्या कामाचा भाग दुसरीकडेच सापडला, घर-जमिनीच्या वादांच्या प्रकरणात. दोन घरांमध्ये एक किष्कू किंवा तीन पाद अंतर असावं, असं तिथे म्हटलं आहे. हिशोब केला तर साधारण अडीच फूट होतात. म्हणजे आमचा बोळ! दोन्ही छपरांच्या कडांमध्ये चार अंगुळं, नाहीतर एकावर एक चढलेल्या. आणि पडझड दुरुस्त करता यावी म्हणून त्या फटीत उतरायला छोटं दार. शिवाय पुढे म्हटलंय की शेजाऱ्यांनी आपसात ठरवून हवं तसं करावं आणि नको ते टाळावं. दोन हजार वर्षांपूर्वीची ही गोष्ट, आणि मला आमच्या बोळाकडे बघून एकदम आदर वाटायला लागला. मात्र हे अंतर आगीसाठी ठेवलंय असं कौटिल्य तिथे म्हणत नाही. तिथे विषय पाण्याचा, दुरुस्तीचा आणि भांडणांचा आहे. आग वेगळ्या प्रकरणात, हद्द वेगळ्या प्रकरणात. दोन फाइलींमध्ये दुवाच नाही. पुढे बघाल तर आपल्याकडे हे असंच चालू राहिलं.

जिथे दुवा जोडला गेला ते शहर लंडन. तिथे ११८९ सालच्या नियमात सांगितलं होतं की दोन शेजाऱ्यांनी आपापल्या जमिनीतली दीड-दीड फूट जागा द्यायची आणि तीन फूट जाडीची, सोळा फूट उंच दगडी भिंत मध्ये बांधायची. भिंत दोघांची. सगळ्यांनी पाळलं असतं तर १६६६ ची ती प्रसिद्ध आग एवढी पसरली नसती. नाही पाळलं. दगड महाग, लाकूड स्वस्त, आणि दीड फूट जागा कुणाला सोडवते? (पप्पा, हे तुम्हालाच उद्देशून आहे.) आगीनंतर १६६७ च्या कायद्याने नवी घरं विटांची किंवा दगडाचीच बांधायची सक्ती आली. १७०७ च्या कायद्याने सांगितलं की मधली भिंत छपराच्या वर दीड फूट काढा. हा दीड फूट महत्त्वाचा. भिंत कितीही जाड असली तरी वर छप्पर सलग असेल तर आग भिंतीवरून टांग टाकून पलीकडे जाते. आमची कौलं आणि तात्यांची कौलं सलग आहेत. लहानपणी पतंग काढायला आम्ही त्यांच्या घरावरून तिसऱ्याच्या घरावर जायचो. आम्ही जाऊ शकत होतो म्हणजे आगही जाऊ शकते, हे लक्षात यायला तीस वर्षं लागली. (बरं, अठ्ठावीस.)

तुम्ही-आम्ही रोज ज्याला फायरवॉल म्हणतो तो शब्द इथूनच आलाय. मी कॉलेजात नेटवर्किंगच्या पुस्तकात तो पहिल्यांदा वाचला तेव्हा मला वाटलं होतं काहीतरी आगीसारखं भयंकर हॅकरवर सोडत असतील. खरी फायरवॉल म्हणजे नुसती मुकी, बिनखिडकीची भिंत. तिचा गुण एवढाच की ती काही करत नाही.

आपल्याकडे मुंबईत १८०३ च्या फेब्रुवारीत कोटाच्या आतली वस्ती जळाली. दाटीवाटीची लाकडी घरं. आजूबाजूची घरं पाडून आग आवरावी लागली. त्यानंतर कोटाबाहेरचं मैदान मोकळं केलं गेलं आणि बरीच वस्ती तटाबाहेर सरकली. आज जे आझाद मैदान, क्रॉस मैदान, ओव्हल दिसतं, त्या सगळ्या मोकळेपणात तोफांना लागणारी मोकळी जागा आणि ती आग, दोन्हींचा वाटा आहे. १८८८ च्या मुंबई महापालिकेच्या कायद्यात छपरं आणि बाहेरच्या भिंती पेटणाऱ्या वस्तूंच्या नसाव्यात असं कलमही आलं.

पण आज आपण ज्याला मार्जिन म्हणतो, हद्दीपासून सोडायची जागा, तिचा मोठा बाप आग नाही. प्लेग आहे. १८९६ साली मुंबईत प्लेग आला, १८९८ साली तिथे इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट निघाला, आणि त्या लोकांनी साडेत्रेसष्ट अंशांचा नियम काढला. समोरच्या इमारतीच्या माथ्यापासून तुमच्या खिडकीच्या पायापर्यंत रेघ मारली तर ती जमिनीशी साडेत्रेसष्ट अंशांपेक्षा उभी नसावी. कॅल्क्युलेटर काढून बघा, साडेत्रेसष्टचा टॅन दोन येतो. म्हणजे उंचीच्या निम्मं अंतर सोडा. का, तर खोलीत उजेड-वारा यावा आणि रोग राहू नये. आपल्या मार्जिनच्या मागे डॉक्टर उभा आहे, बंबवाला नाही. त्यामुळे आपल्याकडे बाजूची जागा सोडताना लोक विचारतात, "वारा येईल का?" पलीकडची ज्वाळा येईल का, हे कुणी विचारत नाही.

कायद्याची दुसरी बाजूही तशीच. १८८२ च्या वहिवाटीच्या कायद्यात वीस वर्षं खिडकीतून अखंड उजेड घेतला तर त्या उजेडावर हक्क बसतो. आमच्या पेठेत यावरून झालेल्या केसेस पिढ्यान्‌पिढ्या चालल्यात. आमच्या गल्लीत एका घरात सून येऊन सासू झाली तरी खिडकीचा निकाल लागला नव्हता. उजेडाचा हक्क आहे, पाणी पाडायचा हक्क आहे, पण शेजाऱ्याची आग अंगावर न येण्याचा हक्क कुणी मागितल्याचं माझ्या ऐकण्यात नाही.

इथे थोडं विज्ञान. आग पलीकडे जाते ती तीन वाटांनी. ज्वाळा थेट लागून, ठिणग्या उडून, आणि नुसत्या झळेने. ही तिसरी वाट फसवी. भर उन्हाळ्यात दुपारचं ऊन दर चौरस मीटरला साधारण एक किलोवॅट असतं. साडेबारा किलोवॅटची झळ लाकडावर काही वेळ पडत राहिली आणि जवळ एखादी ठिणगी असली की लाकूड पेटतं. ज्वाळा स्पर्शही करत नाही. पेटलेल्या खोलीची खिडकी म्हणजे ही झळ फेकणारा हीटरच. म्हणून इंग्लंडचे नियम एक छान युक्ती करतात. शेजारी काय बांधेल तुम्हाला माहीत नाही ना? मग हद्दीवर आरसा ठेवलाय आणि पलीकडे तुमच्याच घराची प्रतिमा उभी आहे असं धरा. तिला तुमच्या खिडक्यांतून पेटवता येणार नाही इतक्याच खिडक्या ठेवा. म्हणजे शेजारी कसाही वागो, तुमच्या वाट्याचं अंतर तुम्ही सोडलेलं असतं.

मी दीड वर्ष ऑनसाइट होतो तेव्हा अमेरिकेत लाकडी घरांच्या कॉलनीत राहायचो. दोन घरांत दहा-बारा फूट. मला वाटायचं गवत कापायला जागा ठेवली असेल. आता कळलं की तिथल्या घरबांधणीच्या नमुना नियमावलीत भिंत हद्दीपासून पाच फुटांच्या आत आली तर ती तासभर आग सोसणारी हवी, आणि तीन फुटांच्या आत आली तर त्या भिंतीत एकही खिडकी चालत नाही. पाच फूट तुझे, पाच फूट माझे. गवत हा बोनस.

आता आमचा बोळ बघा. अडीच-तीन फूट. आईची योजना म्हणजे त्यात आमच्या चार खिडक्या, समोर शेजाऱ्यांच्या तीन. ती फट म्हणजे धुराडं. खालच्या खिडकीतून ज्वाळा निघाली की दोन भिंतींच्या मध्ये चेपून वर चढणार आणि वाटेतली प्रत्येक खिडकी तपासत जाणार. त्यापेक्षा फट अजिबात नसलेली, पण नऊ इंची पक्क्या विटांची मुकी भिंत कितीतरी बरी. ती काही तास आग अडवते. थोडक्यात काय, तर थोडंसं अंतर आणि भरपूर खिडक्या हा सगळ्यात वाईट सौदा. आणि पेठेत बहुतेकांनी तोच केलाय. वर त्या फटीत एसीचे डबे, जुनी दारं, प्लास्टिकच्या टाक्या.

बंब येईल की, असं तुम्ही म्हणाल. राष्ट्रीय बांधकाम संहितेत उंच इमारतींभोवती बंबासाठी सहा मीटर रुंद वाट आणि वळायला नऊ मीटर त्रिज्या सांगितली आहे. आमची गल्ली साडेचार मीटरसुद्धा नाही. साडेचार मीटरपेक्षा अरुंद गल्लीत नवीन बांधताना गल्लीच्या मध्यापासून सव्वादोन मीटर मागे सरकायचं असा नियम आहे. म्हणजे प्रत्येक जण नव्याने बांधेल तेव्हा गल्ली हळूहळू रुंद होत जाईल. कल्पना चांगली आहे, फक्त पूर्ण व्हायला शंभर वर्षं लागतील, आणि तोपर्यंत गल्ली कवळीसारखी दिसेल. पाण्याचं म्हणाल तर पूर्वी शहरभर तळी होती. वरुणतीर्थ बुजवून गांधी मैदान झालं, कपिलतीर्थाची मंडई झाली. मैदानावर आम्ही खेळलो, मंडईतली भाजी खाल्ली, तेव्हा तक्रार करायला तोंड नाही. पण रंकाळा सोडला तर पेठेला आता जवळचं उघडं पाणी नाही.

एक गोष्ट लिहू की नको असं चाललं होतं. लिहितोच.

जानेवारी १९४८ च्या शेवटी गांधीजींचा खून झाला आणि कोल्हापूर, सांगली, सातारा भागात ब्राह्मणांची घरं जाळली गेली. भालजी पेंढारकरांचा जयप्रभा स्टुडिओ जळाला, 'मीठभाकर' त्यात गेला आणि त्यांनी तो पुन्हा बनवला. माझे आबा तेव्हा अकरा-बारा वर्षांचे. आमच्या सामाईक भिंतीपलीकडे तेव्हा तात्यांचे वडील राहायचे, जोशीपण करायचे. आबा सांगायचे की जमाव गल्लीत आला, घासलेटचा डबा होता, आणि पणजोबा दारात उभे राहून म्हणाले, "त्यांचं लावशीला तर माझं बी लागतंय. भिंत एक हाय. लाव." मग वाद झाला आणि शेवटी त्यांनी पलीकडच्या घरातलं सामान, कपाटं, पोथ्या, पाळणा, सगळं गल्लीत ओढून तिथे जाळलं. घर राहिलं.

आबा हे अभिमानाने सांगायचे. मीही लहानपणी अभिमानानेच ऐकायचो. मोठा झाल्यावर मला प्रश्न पडला की पणजोबांनी शेजाऱ्याला वाचवलं की भिंतीला? भिंत वेगळी असती तर ते दारात उभे राहिले असते का? मी हे आबांना विचारलं नाही. आता ते नाहीत. तात्यांना मागच्या महिन्यात विचारलं. ते तेव्हा जन्मले नव्हते, पण आईकडून ऐकलेलं त्यांना सगळं ठाऊक आहे. म्हणाले, "ते तुझ्या पणज्यालाच माहीत. आई एवढंच म्हणायची, पाळणा जळाला तेव्हा भिंत गरम झाली नाही." आणि चहा सांडला का बघत बसले.

असो.

तर आमचा नकाशा. मी आर्किटेक्टला तीन गोष्टी सांगितल्या. डावीकडची सामाईक भिंत ठेवायची नाही, आपल्या हद्दीत स्वतंत्र नऊ इंची मुकी भिंत घ्यायची आणि ती गच्चीच्या वर तीन फूट काढायची. उजवीकडचा बोळ बंद करायचा नाही, पण त्यात एकही खिडकी नाही. आणि उजेड-वारा मधल्या चौकातून. आर्किटेक्ट हसला. म्हणाला, "हा तर वाडा झाला." खरंच की! बाजूला मुक्या भिंती आणि पोटात चौक, जुन्या लोकांनी हेच केलं होतं. त्यांनी ते चोरांसाठी केलं, उन्हासाठी केलं की बायकांना आडोसा म्हणून केलं, तो वाद इतिहासवाल्यांनी घालावा. फक्त त्या मुक्या भिंतींत त्यांनी लाकडं घुसवली आणि वरून सलग छप्पर टाकलं, तिथे घोटाळा झाला.

पप्पांना चौकापायी जाणारे ऐंशी चौरस फूट टोचताहेत. "ऐंशी फुटात एक खोली होती," हे वाक्य मी आतापर्यंत अकरा वेळा ऐकलंय. आई चौकात तुळस येणार म्हणून आमच्या पार्टीत आली.

अडचण तात्यांकडे आहे. त्यांच्या स्वयंपाकघराची एक खिडकी आमच्या परड्यावर उघडते. तीस-पस्तीस वर्षं झाली असतील. कायद्याने उजेड त्यांचा. आमची मुकी भिंत सरळ मागे नेली तर ती खिडकी बंद होते. गेल्या रविवारी मी आणि पप्पा त्यांच्याकडे गेलो. मी वहीत आकृत्या वगैरे काढून नेल्या होत्या, झळ, किलोवॅट, आरसा. तात्यांनी शांतपणे ऐकलं. मी सुचवलं की चौक तुमच्या खिडकीसमोर येईल असा सरकवतो, तुमचा उजेड जात नाही. फक्त तुम्ही उघडणारी खिडकी काढून तिथे काचेच्या विटा बसवा, म्हणजे उजेड येईल आणि आग येणार-जाणार नाही. खर्च आम्ही करतो.

तात्या तयार झाले. म्हणाले, "भिंत तुझी वेगळी होणार म्हण की." मी हो म्हणालो. "मग आता दारात कोण उभं राहणार?" असं म्हणून हसले, आणि मला त्यांच्याबरोबर हसता आलं नाही.

तेवढ्यात आतून काकू आल्या, हातात उलथनं. त्यांना काचेच्या विटा मान्य नाहीत.

"उजेडाचं ठीक हाय रे बाळा," त्या म्हणाल्या, "पण मिरचीच्या फोडणीचा धूर कुठं सोडू?"

याचं उत्तर माझ्या वहीत नव्हतं. पप्पा म्हणाले पाइप घालून गच्चीवर सोडूया. काकू म्हणाल्या, पाइपला तेल धरतं, ते कोण पुसणार? आणि तेल धरलेला पाइप हीच आगीची सगळ्यात सोपी वाट असते, हे मला माहीत होतं, पण मी बोललो नाही. या शनिवारी पुन्हा बैठक आहे.